एका पातेल्याचं पथक

ओव्हाळ सरांच्या स्काउट पथकात सगळ्यात हळू चालणारा मुलगा सगळ्यात पुढे असायचा. तो ज्या वेगाने चालेल त्याच वेगाने बाकीच्या तेवीस जणांनी चालायचं, आणि सर सगळ्यांच्या मागे. मला या नियमाचा मनस्वी राग यायचा. मी तेरा वर्षांचा, पाय नुसते शिवशिवत असायचे, आणि पुढे असायचा उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातला घनश्याम तलरेजा. घन्नूच्या घरी पापडांचा धंदा होता आणि पथकात येण्याआधी चढ म्हणून त्याने फक्त स्टेशनचा पूल चढला होता. मलंगगडाच्या वाटेवर आम्हाला म्हशी ओलांडून जायच्या. एका म्हशीने तर मागे वळून बघितलं होतं, असं माझं अजूनही म्हणणं आहे.

शेवटी एकदा मी सरांकडे गेलोच. म्हटलं, "सर, घन्नूला मागे ठेवू या ना. आम्ही पुढे जाऊन थांबतो."

सर दोरीची गाठ सोडवत होते. मान वर न करता म्हणाले, "पुढे जाऊन थांबणारे पुष्कळ असतात, हेमचंद्र. मागे कोण राहिलं ते त्यांना कळत नाही. चल, रांगेत जा."

मी तोंड फुगवून रांगेत गेलो. मला पटलं नव्हतं. मला गोष्टी पटायला वेळ लागतो, हा माझा जुना दोष आहे.

भगवान ओव्हाळ हे अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. वडील वांगणीकडे रेल्वेत गँगमन. छप्पन साली त्या घराने बुद्धाचा धम्म स्वीकारला, तेव्हा सर पाच वर्षांचे होते. शाळेत एका मास्तरांनी त्यांच्या गळ्यात स्काउटचा स्कार्फ घातला, तो त्यांनी पुन्हा काढला नाही म्हणा ना. आयटीआय झालं, नोकरी लागली, सरस्वतीबाईंशी लग्न झालं, दोन मुली झाल्या. एकोणऐंशी साली त्यांनी स्वतःचं पथक काढलं. शाळेचं नव्हे, खुलं. म्हणजे कोणत्याही शाळेतल्या मुलाने यावं. त्यामुळे आमच्यात कारखान्याच्या कॉलनीतले होते, उल्हासनगरच्या कॅम्पांतले होते, बदलापूरच्या बेलवलीहून पहिल्या गाडीने येणारे होते. रविवारी सकाळी सहाला कॉलनीच्या मैदानावर शिट्टी वाजली की आठ-आठ मुलांचे तीन संघ उभे राहायचे. उशिरा येणाऱ्याला सर काही बोलत नसत. नुसते त्याच्या बुटांकडे बघत. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिलेल्या परवडल्या असत्या.

अंगाने किडकिडीत, आवाज बेताचा. खाकी अर्ध्या चड्डीची इस्त्री मात्र अशी की कलिंगड कापावं. खिशात कायम हातभर दोरी. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटायचे आणि हे गाठी मारत बसायचे, असं त्याच कारखान्यातले माझे बाबा घरी हसून सांगायचे. झाडावर न चढता झाडाची उंची कशी काढायची, ओढ्यात न उतरता त्याची रुंदी कशी मोजायची, ओल्या लाकडाचा जाळ कसा करायचा, हे सगळं मला त्या माणसाने शिकवलं. माझ्या शाळेने मला त्रिकोणमिती नंतर शिकवली, आणि वाईट शिकवली.

वांगणीच्या शेतांत आम्ही खुणांचा माग काढायचो. सर अंधारात पुढे जाऊन दगडांचे बाण मांडून यायचे आणि आम्ही ते बाण शोधत जायचो. एकदा आमचा माग एका शेतकरणीच्या अंगणात जाऊन संपला. बाईने वाटेतले सगळे दगड गोळा करून चूल मांडली होती आणि वर भाकरी टाकली होती. आम्ही दगड परत मागायच्या बेतात होतो. तेवढ्यात मागून सर आले, त्यांनी आम्हाला बाईची माफी मागायला लावली आणि तिच्या चुलीत फुंकर मारायला बसवलं. "दगड तिच्या शेतातले," म्हणाले, "आपण उसने घेतले होते." बाईने आम्हाला एकेक चतकोर भाकरी दिली. जगातल्या कुठल्याच मागाच्या टोकाला इतकी चांगली वस्तू सापडली नसेल.

पुढे पथकाचं नाव झालं. एक्क्याण्णव साली आमच्या तीन पोरांना राष्ट्रपती स्काउटचं पदक मिळालं, चौऱ्याण्णवला जिल्हा मेळाव्याची ढाल अंबरनाथला आली. त्या तिघांत घन्नू होता, हे मी मुद्दाम सांगतो. पण सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात हे पथक बंद पडायच्या बेताला आलं होतं. त्याला थोडं कारण मी होतो आणि बरंच कारण माझं घर होतं.

माझे वडील, श्यामकांत, त्याच कारखान्यात असिस्टंट मॅनेजर. आम्हाला ऑफिसर क्वार्टर होतं. सर कधी कामानिमित्त बाबांकडे यायचे. चहा मिळायचा. कपबशी ठरलेली होती, निळ्या काठाची, मोरीवरच्या फळीवर बाजूला ठेवलेली. तिच्याबद्दल कोणी कधी काही बोललं नव्हतं, बोलायची गरजच नव्हती. सर चहा पिऊन कप स्वतः विसळून पालथा घालून जायचे. हे मला दिसत होतं, कळतही होतं, आणि मी गप्प होतो. हे इथे लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं ठरेल.

तर त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत पथकाचं पहिलं मुक्कामाचं शिबिर ठरलं. बदलापूरहून खरवईमार्गे चालत कोंडेश्वराच्या देवळाच्या अलीकडे, तीन दिवस. सरांनी घरोघरी पत्रक पाठवलं. त्यात सामानाची यादी होती आणि खाली एक ओळ: 'डबा आणू नये. तांदूळ व डाळ आणावी. स्वयंपाक सर्वांचा एकत्र होईल.'

तोवरच्या सहली दिवसाच्या होत्या. जो तो आपला डबा खायचा. त्यामुळे प्रश्न आला नव्हता. आता आला. कॉलनीच्या क्लबात चर्चा झाली आणि ठरलं की कॉलनीतली अकरा मुलं आपापला कोरडा शिधा बरोबर नेतील आणि वेगळी जेवतील, नाहीतर जाणार नाहीत. कारण काय, तर पोरांची पोटं नाजूक. अकरा जण गेले म्हणजे जवळजवळ अर्धं पथक गेलं, आणि मैदानही कॉलनीचं. बाबांनी निरोप दिला, तसे सर निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी आले. उभेच राहिले.

बाबा म्हणाले, "ओव्हाळ, आमचं दुसरं काही म्हणणं नाही. फक्त मुलांची पोटं बिघडायला नकोत."

"साहेब, पोटाचं औषध आहे माझ्याकडे," सर म्हणाले.

बाबांनी चष्मा काढून पुसला. आई आतल्या दाराशी उभी होती. मी तिच्यामागे.

सर म्हणाले, "एका तंबूत झोपायचं, एका झेंड्याला सलाम करायचा आणि जेवताना दोन चुली, असं पथक मला चालवता येणार नाही. तुम्ही पोरांना पाठवा. तिसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला कॉलनीतल्या पालकांनी जेवायला यावं. पोरं शिजवतील, तेच मी खाईन, तेच तुम्ही खा. नाही रुचलं तर मी पथक बंद करतो. तुम्हाला पोरं काढून घ्यायचीसुद्धा तसदी नको."

बाबा न्यायी माणूस म्हणून प्रसिद्ध होते. अशा माणसाला भर दारात नाही म्हणता येत नाही. ते म्हणाले, "ठीक आहे. येऊ."

सर गेल्यावर आईने दशम्यांचं पीठ भिजवलं. नियम काहीही असो, पोराला रिकाम्या हाताने पाठवायचं तिला सुचेना. सकाळी तिने डबा माझ्या घोंगडीत गुंडाळून दिला. बाकीच्या दहा आयांनीही तेच केलं होतं, हे शिबिरात पोचल्यावर कळलं.

सरांना ते आधीच कळलं असावं. कोंडेश्वराच्या अलीकडे ठाकरवाडीतल्या कौसाबाईच्या खळ्याशेजारी आम्ही तंबू ठोकले. कौसाबाई सरांच्या जुन्या ओळखीची. अंधार पडता पडता सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाले, "ज्यांच्याकडे डबे आहेत त्यांनी मधे ठेवा. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना भूक लागलीय."

अकरा डबे निघाले. घन्नूने कोकी काढली, सिंध्यांची कांदा घातलेली जाड पोळी, म्हणजे तो बारावा. पाच मिनिटांत कोणाचं काय ते राहिलंच नाही. सर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या शेवटी. त्यांच्या वाट्याला आमच्या घरची अर्धी दशमी उरली होती, ती त्यांनी खाल्ली.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते. आम्ही लाठ्यांचा पूल बांधला, तो पडला, पुन्हा बांधला. घन्नूला पुढे घालून पलीकडची टेकडी चढलो आणि चोवीसच्या चोवीस जण एकदम माथ्यावर पोचलो. तिथे पहिल्यांदा मला त्या नियमाचा अर्थ लागला, कारण वर पोचल्यावर वाट बघावी असा कोणीच मागे नव्हता. मोठं पातेलं नसल्याने जेवण मात्र तोवर संघासंघाचं होतं, आणि संघ सगळीकडच्या पोरांचे मिसळलेले. प्रत्येक संघाची आपली पिशवी, तीत घराघरांच्या तांदळाच्या वेगळ्या पुरचुंड्या, आणि आपलं पातेलं. तिसऱ्या दिवशीची पाहुण्यांची पंगत मी आणि माझ्या संघाने रांधायची होती. मी संघनायक.

आणि मी शहाणपणा केला. मला वाटलं, आज एकच पातेलं, एकच भात व्हायला हवा. कौसाबाईच्या वाडीतून लग्नाचं पातेलं आणलं आणि तिन्ही पिशव्यांतला उरलेला तांदूळ त्यात ओतला. त्यात आमच्याकडचा आंबेमोहोर होता, घन्नूकडचा लांब बासमती, कोणाचा रेशनचा जाडा आणि बेलवलीच्या पोरांचा उकडा. धुऊन, पाणी घालून, झाकण ठेवून मी रुबाबात बाजूला उभा राहिलो. कोणत्याही घरातल्या बाईने हे पाहिलं असतं तर मला चुलीपासून हाकललं असतं. आमच्यात बाई नव्हती, चोवीस घरांचा तांदूळ होता.

झाकण काढलं तर आंबेमोहोराचा लगदा झालेला, बासमतीचे तुकडे पडलेले, आणि जाडा आणि उकडा दाताखाली कच्चे. शिवाय खालून लागल्याचा वास. बाबा येणार, क्लबातले लोक येणार, पहिलाच घास तोंडात घालणार आणि एकमेकांकडे बघणार. त्यांना दुसरं कारण शोधावंच लागणार नव्हतं. पथक माझ्या हातून बुडत होतं.

मी सरांना बोलावलं. त्यांनी दोन शितं बोटांत दाबून बघितली.

"किती वाजले?"

"अकरा चाळीस."

"मग पन्नास मिनिटं आहेत," म्हणाले आणि झेंड्याची दोरी बांधायला निघून गेले. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. फिटर माणूस, बिघडलेली मशीन हातात घेऊन दुरुस्त करणारा, आणि पातेल्याला हात लावत नव्हता. आज कळतं. ते पातेलं त्यांनी हातात घेतलं असतं तर जेवण त्यांचं झालं असतं. त्यांना ते आमचं व्हायला हवं होतं.

कौसाबाई नुकतीच शेतावरून येऊन खळ्यावर बसली होती. ती उठून आली, पातेल्यात डोकावली. "याला आता भात नको म्हनू," ती म्हणाली. "भाताचा हट सोड. डाल ओत, पानी ओत, नि घाट."

घन्नूने आपली लाठी राखेने घासली, ओढ्यावर धुऊन आणली. तळाला लागलेला भाग न खरवडता वरचं सगळं वाडीतल्याच दुसऱ्या मोठ्या पातेल्यात काढलं आणि आम्ही दोघं लाठीने ते घाटायला लागलो. डाळ, हळद, मीठ, पुन्हा उकळी. लसूण-मिरचीची फोडणी कौसाबाईच्या कढईत. बाकीच्या पोरांनी पळसाच्या पानांचे द्रोण लावले, कारण हे पत्रावळीवर थांबणारं प्रकरण राहिलं नव्हतं. साडेबाराला पाच मिनिटं असताना मी चव घेतली. खिचडी होती. माझ्या मते फार चांगली खिचडी होती.

अकरा घरांपैकी चार घरं आली. बदलापूरच्या बाजारातून टेम्पो ठरवून नऊ माणसं. पोरांनी सलामी दिली, तंबू दाखवले, पूल दाखवला. पूल त्या दिवशी पडला नाही. मग सर म्हणाले, "चला साहेब, बसून घ्या."

बाबांनी घड्याळ पाहिलं. "ओव्हाळ, पोरांनी फार छान केलंय सगळं. पण आम्ही सगळे घरून जेवूनच निघालो. मुलांना जेवू द्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. "हो, हो, जेवूनच आलोय." इतका सभ्य नकार दुसरा नाही. त्यावर यजमानाला बोलायला जागाच राहत नाही. खिचडी चांगली की वाईट, हा प्रश्नच आला नाही. मला वाटलं, आपण उगाच घाटत बसलो.

"बरं साहेब," सर म्हणाले. त्यांनी हातातला डाव पातेल्यात ठेवला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

तेव्हा आई म्हणाली, "मी नाही जेवले."

बाबा वळले. "अगं, साडेदहाला सगळ्यांची पानं वाढली होतीस की."

"तुमची वाढली. तुमचं झाल्यावर ओटा आवरला, तोवर गाडीची वेळ झाली. मला कुठे बसायला मिळालं?"

कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही येत नसे. मी घाईघाईने द्रोण घेऊन पुढे झालो. आईने तो घेतला नाही. मला विचारलं, "तुमचे सर कधी जेवतात?"

"सगळ्यांचं झालं की. आधी मुलं, मग संघनायक, मग सर."

"मग मीही तेव्हाच बसेन," ती म्हणाली. "घरी मी शेवटीच बसते. मला सवय आहे."

तिने पदर खोचला आणि पातेल्यातला डाव उचलला. चोवीस पोरांना तिने वाढलं. शेजारच्या मीनलकाकू क्षणभर नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या, मग त्याही पाण्याचा तांब्या घेऊन पंगतीत शिरल्या. बाबा आणि क्लबातले तिघे आंब्याखाली उभे होते. घन्नूने तीनदा मागून घेतली.

सगळ्यांचं झाल्यावर मी गोणपाट अंथरलं. आई बसली. सर दोन हात अंतर सोडून बसले. आई म्हणाली, "पोराला एवढी धावपळ नका करायला लावू. जवळ सरका." सर सरकले. मी दोघांना एकाच डावाने वाढलं.

आईने विचारलं, "दशम्या मिळाल्या का तुम्हाला?"

"मिळाली की, बाईसाहेब. अर्धी."

"कशी होती?"

सरांनी थोडा विचार केला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "चांगली होती. मीठ जरा कमी होतं."

आंब्याखाली कोणीतरी खाकरलं. आई हसायला लागली. "घाईत राहिलंच असेल," ती म्हणाली आणि तिने घास घेतला. मग दुसरा. आम्ही चोवीस जण तिच्या तोंडाकडे बघत होतो, इतकं की शेवटी तिनेच आम्हाला हात धुवायला पिटाळलं. मी गेलो नाही. तिने द्रोण पुसून खाल्ला आणि पुन्हा पुढे केला.

सरांना आमच्या घराच्या प्रमाणपत्राची गरज नव्हती. ते पथक बंद करून मान वर ठेवून कामावर गेले असते आणि जेवणाच्या सुट्टीत गाठी मारत बसले असते. गरज आम्हाला होती. माझ्या आईला ते माझ्या आधी कळलं, बाबांच्या तर फारच आधी. या गोष्टीचा मला आजही अभिमान वाटतो. सरांचा वाटतोच, त्यासाठीच तर हे लिहायला बसलो.

जेवण झाल्यावर ती लगेच उठली नाही. पातेल्याच्या कडेला चिकटलेलं शीत बोटाने काढून तिने निरखून पाहिलं, आणि ती सरांना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"पुढच्या वेळी तांदूळ मिसळाल तर जाडा आधी टाका, भावोजी. बारीक मागून. म्हणजे सगळा एकदम शिजतो."

"हो वहिनी," सर म्हणाले. "पुढच्या वेळी."

बाबांनी ते ऐकलं. थोडा वेळ ते आपल्या बुटांकडे बघत राहिले. मग ते गोणपाटापाशी आले, बूट काढले, आणि मला म्हणाले, "उरली असेल तर वाढ." पातेल्यात फक्त खरवड उरली होती. त्यांनी ती खाल्ली.